हसण्याला सुतक नसतं

कोरगाव, पेडणे
१२ नोव्हेंबर २००६

चि. सौ. देवकी,

आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत आणि तिकडे बेळगावात तुम्हीही ठीक असाल असं धरून पुढे लिहितो. भावोजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. फोन केला असता, पण गेल्या खेपेला मी भाताचं सांगत होतो आणि तू प्रत्येक गोष्टीला नुसतं ‘बरं बरं’ करत होतीस. कान गेले तर गेले, डोळे शाबूत आहेत ना? मग वाच.

भात कापून झालं, मळणीही झाली. रानडुकरांनी खालचा कोपरा खाल्ला, बाकीचा त्यांनी आपल्याला ठेवला. तुझी वयनी रुक्मिण सकाळपासून माझ्याशी भांडते, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. दोन्ही पोरी चवथीला येऊन गेल्या.

माझं म्हणशील तर ब्लड प्रेशर निघालं. पेडण्याच्या डॉक्टरने गोळी दिली आणि मीठ बंद केलं. सुका बांगडा बंद, लोणचं बंद. सोमवारी आपण शाकाहारी असतोच, आता आठवडाभर सोमवार. वर म्हणाला, “राग कमी करा, जरा हसत जा.” मी विचारलं, “कोणाला?” त्यावर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर मी हसायला जातो. खोटं नाही सांगत. शाळेच्या पटांगणावर रोज सकाळी हास्य क्लब भरतो, पोदेर पाव घेऊन येतो त्या सुमाराला. शांताबाई म्हणून एक निवृत्त नर्स आहे, मूळची सावंतवाडीकडची, ती चालवते. म्हापशाला कुठल्याशा शिबिरात शिकून आली. गोल उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, हात वर करून श्वास घ्यायचा, आणि हसायचं. विनोद कोणी सांगायचा नाही, हा नियम. कारणाशिवाय हसायचं. आधी खोटं हसायचं, मग म्हणे खरं येतं. मला हे पटलं. आपल्या वांगडात, भाऊबंदांत, कारणाशिवाय भांडणारे इतके आहेत, तर कारणाशिवाय हसणारे का नसावेत?

पहिल्या आठवड्यात बायका तोंडाला पदर लावून उभ्या. वर्तुळात समोर थोरले दीर, मग त्यांच्यापुढे तोंड उघडून हसायचं कसं? शेवटी शांताबाईने बायकांची तोंडं विहिरीकडे केली आणि पुरुषांची रस्त्याकडे. आता बायका असल्या हसतात की रस्त्यावरची कुत्री पळतात.

दुसरी अडचण सुतकाची. वाड्यावर सगळी घरं आपल्याच वांगडाची, एका मूळपुरुषाची. एकजण गेला की सगळ्यांना सुतक, आणि सुतकात हसणार कसं? म्हणून क्लब बंद. हसायला येणारे सगळे म्हातारे, तेव्हा क्लब सारखाच बंद पडतो. शांताबाई कपाळाला हात लावते. म्हणते, “तुमच्याकडे हसूकसुद्धा मुहूर्त बघूक लागता.”

त्या वर्तुळात पलीकडचेही येतात. पलीकडचे म्हणजे कोण ते तुला सांगायला नको, पण कागदावर नाव आलं म्हणून कागद फाटत नाही. आपले थोरले बंधू गोकुळदास.

तू म्हणशील, झालं, पुन्हा तेच. पण तू नेहमी त्याची बाजू सांगतेस, म्हणून माझी एकदा लिहून ठेवतो. तो तेव्हा दिचोलीला खाणीच्या ऑफिसात होता, आठवड्याने घरी यायचा. बाबांनी लावलेला मानकुराद आंबा गोठ्यावर वाकला होता. मी तो तोडला. आंबा आतून पोकळ होता. शनिवारी हा आला, बुंधा बघितला, आणि पिशवीसुद्धा न ठेवता सरळ देवळात गेला. वांगडासमोर नारळ ठेवून सांगून मोकळा झाला की आजपासून भिकाजीचं आणि माझं सुतक तुटलं. त्याच्या घरात कोणी गेलं तर मला सुतक नाही, माझ्या घरात कोणी गेलं तर त्याला नाही. सख्खे भाऊ, परके झालो. नऊ वर्षं झाली. रिटायर होऊन तो परत आला तरी तसंच. एका छपराखाली चवथीला दोन गणपती येतात. आंबा पोकळ होता का, हे त्याने आजवर विचारलेलंसुद्धा नाही.

तर हा मनुष्य रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून हसतो.

त्याचं असं झालं. शांताबाई बाहेरची, तिला आमचं काही ठाऊक नाही, किंवा असेलही, नर्सांचं काही सांगता येत नाही. समोरासमोर जोड्या लावून एकमेकाच्या डोळ्यात बघून हसायचा एक प्रकार आहे. एकजण हसला की दुसऱ्याने हसून उत्तर द्यायचं, बोलायचं नाही. तिने मला आणि त्याला समोरासमोर उभं केलं. मी म्हटलं आता हा पाठ फिरवून जाणार. तो हसला. मग मीही हसलो, नियम आहे. त्याचा पुढचा दात पडलाय. मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून आमची जोडी ठरूनच गेली. हसून झालं की तो विहिरीकडून घरी येतो, मी रस्त्याकडून. मधली भिंत एकच, पलीकडे त्याचा रेडिओ लागला की मला बातम्या फुकट.

बाबली गांवकराला वाटलं आमचं जमलं. वांगडाचा मान त्याच्याकडे, देवळात गाऱ्हाणं तोच घालतो, त्याला असल्या गोष्टी लगेच दिसतात. नातवाच्या बारशाला त्याने दोन्ही घरांना मिळून एकच आमंत्रण दिलं, तेही पलीकडे. भिंतीतून मी सगळं ऐकलं. आपले बंधू म्हणाले, “हसण्याक सुतक नसता, बाबली. तुटला ता तुटला.” बिचारा बाबली मग माझ्याकडे दुसरं आमंत्रण घेऊन आला. मीही त्याला तेच सांगितलं.

फायदा काय, असं तू विचारशीलच. झोप लागते. सकाळी छाती मोकळी वाटते. दिवसभरात रुक्मिणीवर ओरडायचं कमी झालंय असं रुक्मिण म्हणते. शांताबाई स्वतःच सांगते की हसण्याने मन हलकं होतं, श्वास मोकळा होतो, पण रोग पळतो असं मी म्हणणार नाही, गोळी चुकवायची नाही. हे मला आवडलं. बाकी उताणा झोपलो की पोटात ठोका लागतो, छातीत लागतो तसा. गॅस असेल. रुक्मिणीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
भिकाजी

*

कोरगाव
२१ जानेवारी २००७

चि. सौ. देवकी,

आशीर्वाद. तुझ्या सुनेने पाठवलेला कुंदा पोचला. रुक्मिणीने अर्धा पलीकडे दिला. हो, पलीकडे. वाचून खाली बस, मग पुढचं वाच.

पलीकडच्या नारायणाने, दादाच्या मुलाने, तुम्हाला फोनवर ‘बाबा आता बरे आहेत’ असं सांगितलं असेल. तो पोरगा चांगला आहे, पण त्याचं ऐकू नकोस. दादा बरा नाही.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सकाळी वर्तुळात तो आला नाही. शांताबाई म्हणाली, “तुमचो भाव खंय?” मी म्हटलं, “माका काय ठावक?” तिने मला दुसऱ्याच्या जोडीला लावलं, पण हसू काही येईना. खोटंसुद्धा आलं नाही. घरी आलो तर पलीकडचा रेडिओ बंद. उंबऱ्यावर बसून चहा घेत होतो, इतक्यात पद्मावती वयनीने जनेल उघडलं आणि हाक मारली, “भिकाजीभावोजी, बघा गे, हेंका काय झाला!” नऊ वर्षांत त्या जनेलातून मला पहिली हाक. चहा तिथेच राहिला.

न्हाणीच्या दारात पडला होता. तोंड वाकडं, उजवा हात मेल्यासारखा. नारायण दिचोलीला ट्रकांच्या कामावर. मी आणि बाबलीने उचलून जीपमध्ये घातला. वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काय सांगू, उन्हाने त्याची टाळू तापली होती म्हणून मी तिच्यावर हात धरून बसलो. म्हापशाहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू थोडी हलते. वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे पूर्ण गेली. सांगितलेलं सगळं कळतं त्याला. पाणी म्हटलं की पेल्याकडे बघतो. पण तोंडातून ‘बा बा’ याच्यापुढे काही निघत नाही, आणि निघत नाही म्हणून डोळे भरतात. दिचोलीला युनियनच्या सभेत तासभर बोलणारा माणूस!

मी पहिल्यांदा वॉर्डात भेटायला गेलो तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. कुठून सुरुवात करणार? भाताचं सांगू की आंब्याचं? शेवटी म्हटलं, “दादा.” एवढंच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. वर्तुळात हसतो तसा, मोठ्याने, पोटातून. आवाज तोच, अर्धं तोंड वाकडं, पण हसू अख्खं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. वयनी रडायला लागली, तिला वाटलं डोकंही गेलं.

एक तरुण डॉक्टरीण धावत आली. तिने समजावलं की असं होतं, मेंदूत बोलण्याची जागा वेगळी आणि हसण्याची वेगळी, एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. मी तिला म्हटलं, “बाय, आमच्या घरात ते आधीपासूनच तसं चाललंय.” तिला काही कळलं नाही.

आता घरी आणलाय. मी रोज पलीकडे जातो. वयनीने पहिल्या दिवशी पाट मांडला, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने कदेल ओढून बसा म्हणाली, म्हणजे घरचा झालो. शांताबाईही येते, त्याला श्वास घ्यायला लावते, हसवते. म्हणते, हसताना घसा आणि जीभ हलते, मन खचत नाही, वाचा येईल की नाही ते मात्र देव जाणे. तिचं हेच बरं आहे, ती खोटा धीर देत नाही.

पण देवकी, मला राग येतो. सांगतोच स्पष्ट. त्याचा येतो. याचं तोंड धडधाकट होतं, रोज सकाळी माझ्यापासून दोन हातांवर उघडत होतं, तेव्हा याने त्यातून एक शब्द काढला नाही. आता काढायला जातो तर ‘बा बा’. मी काढला का, असं तू विचारशील. विचारू नकोस. आंबा पोकळ होता.

बांबोळीला सारखी खेप होत होती, तेव्हा म्हटलं आपलंही पोट दाखवून घ्यावं. दाखवलं. सोनोग्राफी काढली, आणखी एक मोठा फोटो काढला. त्याचं पुन्हा कधीतरी लिहीन. सध्या एवढंच की शांताबाईने मला वर्तुळाबाहेर काढलंय. हसायला बंदी. मी शाळेच्या पायरीवर बसतो आणि टाळ्या वाजवतो. नवीन नियम काढला असेल तिने.

आता मुख्य गोष्ट. मला सुतक जोडायचं आहे. दादा हा असा, पुढे काय होईल सांगता येत नाही, आणि उद्या कोणाचं काही झालं तर सख्ख्या भावाने परक्यासारखं रस्त्यात उभं राहून बघायचं, हे मला नको. कसंही करून ते जोडायला हवं, आणि लवकर.

मी बाबलीकडे गेलो. त्याने पानाचा डबा पुढे केला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “भिकाजी, माका आनंदच आसा. पण ज्या तोंडान तोडला, त्याच तोंडान जोडूक होया. देवासमोर मी गाऱ्हाणा घालीन, गोकुळदासान ‘व्हय म्हाराजा’ म्हणूक होया. ता त्येणांच म्हणूक होया, दुसऱ्यान म्हटलेला चालणा नाय.”

“त्याचं तोंड मी कुठून आणू?” मी विचारलं.

बाबली पान चघळत राहिला. वांगडाला विचारतो म्हणाला. वांगडाला विचारतो म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, दोन महिने गेले. माझ्याकडे दोन महिने आहेत की नाही ते मला ठाऊक नाही, म्हणजे दादाकडे, असं म्हणायचंय मला.

हे पत्र सुनेला वाचायला देऊ नकोस.

तुझा,
भिकाजी

*

कोरगाव
२५ फेब्रुवारी २००७

चि. देवकी,

आशीर्वाद. काजीची बोंडं पिकायला लागलीत, सगळ्या डोंगराला वास सुटलाय. भावोजींचं ऑपरेशन न करता गुडघा सुधारला हे वाचून बरं वाटलं. ज्यांना ऑपरेशन चुकतं ते भाग्यवान.

तुझं पत्र पोचलं. तू विचारलंयस की एवढी घाई का, दादा तर सावरतो आहे. खरंच सावरतोय. काठी धरून ओसरीपर्यंत येतो. आधी देवळातलं सांगतो, मग घाईचं.

गेल्या सोमवारी बाबलीने वांगड बोलावला. मी त्याला रोज जाऊन विचारत होतो, शेवटी त्याची बायको मला बघून आतूनच ओरडायची, “इलो गे बाबा तुमचो सुतकवालो!” नारायण आणि मी दादाला जीपमधून उतरवून सभामंडपात खुर्चीवर बसवला. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. पद्मावती वयनी आणि रुक्मिण खांबाला टेकून. शांताबाई बाहेरची म्हणून पायरीवर उभी राहिली, येऊ नको म्हटलं तरी आली होती.

दादाचा डावा हात धरून नारायणाने नारळ देवापुढे ठेवला. बाबलीने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज तुला आठवत असेल, घंटेची गरज नाही. “बा देवा म्हाराजा! हे दोन भाव, एका आवशीचे. रागाच्या भरात तुझ्या समोर सुतक तोडल्यांनी. आज तुझ्या पायाकडे इलेत. तुटलेला ता जोडून घे रे म्हाराजा!”

सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

मग बाबली दादाकडे वळला. “गोकुळदास, तू सांग. जोडूया?”

दादाने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. ‘बा’ आला. पुन्हा ‘बा’. घाम फुटला त्याला. मला वाटलं पुरे, नको हे, परत नेऊया. आणि तो हसला. वॉर्डात हसला होता तसाच, देवळाच्या छपरापर्यंत जाईल असा.

झालं, गडबड उडाली. मागून कोणी तरी म्हणालं, “देवासमोर हसता!” दुसरा म्हणाला की चेष्टा झाली, नारळ मागे घ्या. एकाचं म्हणणं, बोलता येत नाही तर प्रसाद लावा, देवाच्या अंगावर पाकळी चिकटवा, उजवी पडली तर जोडलं. बाबलीने हात वर केला. तो म्हणाला, “ह्येका कळता ता माका मान्य. पण हसणा म्हणजे काय? आनंदान हसता की नको म्हणून हसता? देवाक मी काय म्हणून सांगू?”

तेव्हा पद्मावती वयनी पुढे आली. आपली वयनी! जिने जन्मात पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, “बाबलीभावोजी, हेंका उलटा विचारून बघा. नको आसा ता विचारा. हसले तर चेष्टा.”

बाबलीने डोकं खाजवलं. मग मोठ्याने विचारलं, “गोकुळदास, तुझा नि भिकाजीचा सुतक तुटलेलाच ऱ्हवांदे?”

दादाचं हसू जागच्या जागी गेलं. चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्याने खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली की गंधाची वाटी खाली पडली. आणखी एक थाप. डोळ्यांतून पाणी, आणि ओठ असे दाबलेले, लहानपणी तो आईकडून मार खाताना दाबायचा तसे.

“आणि जोडूया?” बाबलीने विचारलं.

हसला. रडत रडत हसला.

बाबलीने इकडेतिकडे बघितलंच नाही. “देवा म्हाराजा, आयकलंस मां? जोडला रे म्हाराजा!” आणि सगळं देऊळ म्हणालं, “व्हय म्हाराजा!” ज्याने नारळ मागे घ्या म्हटलं होतं त्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

दादा मात्र थांबेना. तो माझ्याकडे बघून हसत होता, डोळ्यात डोळे घालून, आणि वाट बघत होता. एक हसला की दुसऱ्याने हसून उत्तर द्यायचं. पायरीवरून शांताबाई मला मानेने नाही नाही करत होती, हातसुद्धा हलवत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि हसलो. किती हसलो ते मला माहीत नाही. दोघे म्हातारे देवापुढे एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते, आणि बायका रडत होत्या, आणि शांताबाई कपाळाला हात लावून पायरीवर बसली होती. लोकांना वाटलं, आनंदाने बसली.

आता घाईचं.

पोटात ठोका लागतो म्हणून मी लिहिलं होतं. तो गॅस नव्हता. पोटातली मोठी रक्ताची नळी फुगली आहे, सायकलच्या ट्यूबला एखाद्या जागी पोट येतं तशी. डॉक्टरांनी फोटोत दाखवलं. फुटली तर बांबोळीपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही म्हणाले. जड उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही, जोरात हसायचं तर नाहीच. म्हणून ती बंदी. शांताबाईला मी सांगितलं, कारण तिने विचारलं तेव्हा खोटं बोलता आलं नाही. तिने तेव्हाच मला पायरीवर बसवलं. हसण्याचा मला फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. झोप लागली, राग कमी झाला, आणि देवळातलं जे झालं ते त्या वर्तुळाशिवाय झालं नसतं. पण नळीला त्याचा उपयोग नाही. नळी कापून दुसरी घालायची. ऑपरेशन ठरलंय, पुढच्या गुरुवारी. वयाच्या मानाने धोका आहे, न करण्यातही आहे. दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांनी सारखंच सांगितलं.

तुम्हा सगळ्यांना वाटलं मी दादासाठी धडपडतो. मी माझ्यासाठी धडपडत होतो. मला मुलगा नाही. पोरी अग्नी देतील, माझी हरकत नाही, धाकटी तर भटाशी भांडून देईल. पण आमची भिंत एक आहे गं. मी गेलो त्या दिवशी पलीकडे वयनीने फोडणी टाकली असती, रेडिओ लागला असता, बाहेर कोणी विचारलं असतं तर ‘आमका सुतक नाय’ असं सांगावं लागलं असतं. आणि रुक्मिण अलीकडे बसून ते सगळं ऐकत राहिली असती. याची मला भीती वाटत होती. मरणाची मला एवढी नाही वाटली.

काल संध्याकाळी हे सगळं रुक्मिणीला सांगितलं. ती पहिल्यांदा भांडली नाही. मग थोड्या वेळाने भांडली, सांगायला एवढा उशीर का केला म्हणून. मग पलीकडे जाऊन वयनीला सांगून आली. दादाला कोणी सांगितलं मला माहीत नाही. आज सकाळी काठी टेकत स्वतः अलीकडे आला, माझ्या शेजारी सोप्यावर बसला. हसला नाही. मी म्हटलं, “दादा, आंबा पोकळ होता.” त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली, आडवी. नाही म्हणाला. काय माणूस आहे बघ!

दुपारपर्यंत बसून होता. पाव आणि चहा इथेच घेतला.

तू यायची घाई करू नकोस. भावोजींना एकटं टाकू नकोस, आणि बेळगावची बस तुला झेपत नाही. सगळं नीट झालं तर पुढचं पत्र मी लिहीन, जरा उशीर लागेल, टाके ओले असतील. नाही झालं तर नारायण फोन करील. सुनेला घ्यायला सांग, तुला ऐकू येणार नाही. शांताबाईला मी आत्ताच सांगून ठेवलंय की क्लब बंद ठेवावा लागेल, तर ती माझ्यावर ओरडली.

मुलगी सासरची, तेव्हा तुला सुतक तीनच दिवसांचं. जेवण टाकू नकोस, तुझी शुगर आहे. इथे पलीकडे दहाही दिवस धरतील. वयनीने स्वतः सांगितलं, मी न विचारता.

तुझा आणि दादाचा भाऊ,
भिकाजी